बँकॉकमध्ये फिरताना: रूळ आणि पाणी आधी, रस्ता शेवटी

अशोक चौकातून ग्रँड पॅलेस, म्हणजे राजवाडा, जेमतेम आठ किलोमीटर. संध्याकाळी पाच वाजता टॅक्सीत बसलात तर तासभर तरी जातो, आणि त्यातला निम्मा वेळ गाडी जागची हलत नाही. त्याच वेळी चौकाखालच्या सुखुम्वित स्टेशनातून मेट्रो पकडली तर नववं स्टेशन सनाम छाय. वीस-बावीस मिनिटं, चाळीस बाथच्या आत. बँकॉकमध्ये अंतरावरून वेळेचा अंदाज बांधायला गेलात की फसलात. कुठलं वाहन घेता, त्यावर सगळं अवलंबून आहे.

ही कोंडी नुसती गाड्या जास्त म्हणून होत नाही. इथले मुख्य रस्ते एकमेकांपासून फार लांब आहेत आणि मधल्या गल्ल्या, ज्यांना तिथे 'सोय' म्हणतात, बऱ्याचदा पुढे बंद होतात. म्हणजे शेजारच्या गल्लीत जायचं तरी गाडीला मुख्य रस्त्यावर यावं लागतं. मोठ्या चौकांतले सिग्नल अनेकदा पोलीस हाताने चालवतात आणि एकेका बाजूला कित्येक मिनिटं लाल दिवा ठेवतात. त्यात डावी-उजवीकडे वळायला जागा कमी, त्यामुळे यू टर्नसाठी लांब जावं लागतं. म्हणून लांबचा टप्पा रेल्वेने किंवा बोटीने उरकायचा आणि टॅक्सी, ग्रॅब (ॲपवरून बोलवायची गाडी), टुकटुक (तिकडची रिक्षा) शेवटच्या एक-दोन किलोमीटरपुरती ठेवायची. खालची सगळी माहिती या एका नियमाभोवती फिरते. भाड्याचे आकडे अधूनमधून पाच-दहा बाथने सरकतात, तेवढी ढील मनात ठेवा. एक बाथ म्हणजे अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान.

हॉटेल निवडतानाच अर्धी लढाई

हॉटेल स्वस्त आहे का, नाश्ता आहे का, हे सगळं नंतर. स्टेशनपासून सात-आठ मिनिटांत चालत पोचता येतं का, ते आधी बघा. उकाड्यात सामानासकट एक किलोमीटर चालणं आणि नकाशावर एक किलोमीटर दिसणं यात फार फरक आहे.

आपल्याकडची बरीच मंडळी प्रतुनाममध्ये उतरतात. कपड्यांचे घाऊक बाजार जवळ, भारतीय जेवण सहज मिळतं. जागा सोयीची आहे, पण स्कायट्रेन (खांबांवरून धावणारी रेल्वे) दारात नाही. फाया थाय किंवा राचथेवी स्टेशनापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. विमानतळाच्या रेल्वेचं राचप्रारोप स्टेशन मात्र जवळ आहे. पहिल्यांदाच जात असाल आणि सगळीकडे फिरायचं असेल तर अशोक सर्वांत सोपं, कारण स्कायट्रेन आणि मेट्रो दोन्ही एकाच चौकात. सियाम मध्यवर्ती पण महाग. सिलोम-साला डेंगलाही दोन्ही रेल्वे आहेत आणि नदी चार स्टेशनांवर. खाओसान रोड स्वस्त आणि मजेशीर, पण तिथे एकही रेल्वे पोचत नाही. बोट, बस किंवा टॅक्सी एवढेच पर्याय. रात्री उशिरा परतणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पत्ता वाचतानाची एक मेख. सुखुम्वित रस्त्याच्या एका बाजूला विषम क्रमांकाच्या सोय आणि दुसऱ्या बाजूला सम. पण दोन्ही बाजूंचे आकडे समोरासमोर येत नाहीत. सोय २१ म्हणजे अशोक, तिच्या जवळपास समोर सोय १४-१६. थोंग लो म्हणजे सोय ५५, तिच्यासमोर सोय ३८. 'माझं हॉटेल ३८ मध्ये, म्हणजे ३७ च्या समोर' असा हिशेब केलात की उन्हात पायपीट ठरलेली. शिवाय 'सोय ११' एवढंच लिहिलेलं हॉटेल गल्लीच्या तोंडाशी आहे की आत सातशे मीटरवर, ते नकाशात बघून घ्या.

घरूनच करायची कामं

ग्रॅब आणि बोल्ट ही दोन ॲप भारतातच उतरवून, आपल्या नंबरवर ओटीपी घेऊन चालू करा. तिकडे गेल्यावर भारतीय सिम काढून ठेवलं की ओटीपी येत नाही आणि विमानतळावर उभं राहून तिकडचा मेसेज इकडे कसा यावा, याची चर्चा सुरू होते.

बँकेच्या ॲपमधून कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही चालू करा. आपल्याकडे ही सोय मुळात बंदच असते. मेट्रोच्या निळ्या मार्गावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट फाटकावर टेकवून जाता येतं. माणशी एक कार्ड लागतं. नवरा-बायकोने एकच कार्ड पुढे-मागे टेकवलं की दुसरा माणूस फाटकाबाहेर राहतो. आत जाताना कार्ड टेकवलं असेल तर बाहेर पडतानाही तेच कार्ड. आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना फोन, असं चालत नाही, दोन्ही एकाच खात्याचे असले तरी.

हॉटेलचं नाव आणि पत्ता थाई लिपीत फोनमध्ये चित्र म्हणून साठवा. नकाशात ठिकाण उघडलं की बहुधा थाई नावही दिसतं. हे का लागतं, तर आपण मराठी माणसं इथल्या नावांना चटकन फसतो. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, हे वाचून आपल्याला बरं वाटतं. पण टॅक्सीवाल्याला 'सुवर्णभूमी' म्हटलं तर तो नुसता बघत राहतो, कारण थाई उच्चार 'सुवन्नफूम' आहे. राचथेवी म्हणजे राजदेवी, असोक म्हणजे अशोक, सुरासाक म्हणजे सुरशक्ती. मुळं संस्कृतातली, पण उच्चार करताना शेवटचे स्वर गिळले जातात. अर्थ ओळखण्याची हौस जरूर करा, ड्रायव्हरला मात्र लिहिलेलं दाखवा.

रोकड: विमानतळावर थोडेच पैसे बदला, कारण तिथला दर शहरापेक्षा कमी पडतो. परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढले की तिकडची बँक दर वेळी २२० बाथ किंवा अधिक कापते, म्हणून छोट्या-छोट्या रकमा काढू नका. हातात २० च्या हिरव्या, ५० च्या निळ्या आणि १०० च्या लाल नोटा भरपूर हव्यात. १००० ची नोट टॅक्सीत दिली की सुट्टे नसल्याचं ऐकू येतं. कधी ते खरं असतं, कधी नसतं. मोठी नोट सकाळी सेव्हन इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोडावी.

विमानतळावरून शहरात

आधी तिकिटावर बघा, कुठला विमानतळ. सुवन्नफूम पूर्वेला आणि डॉन म्युआंग उत्तरेला. कमी भाड्याच्या बऱ्याच कंपन्या डॉन म्युआंगला उतरतात. परतीचं विमान दुसऱ्याच विमानतळावरून असू शकतं, तेही तपासा.

सुवन्नफूमहून रेल्वेने:

१. बाहेर येण्याचा दरवाजा दुसऱ्या मजल्यावर आहे. सरकत्या पट्ट्याने खाली तळघरात जा. पाट्यांवर 'एअरपोर्ट रेल लिंक' लिहिलेलं असतं.
२. यंत्रातून तिकीट घ्या. भाडं १५ ते ४५ बाथ. मक्कासान ३५, राचप्रारोप ४०, फाया थाय ४५.
३. प्रतुनामचं हॉटेल असेल तर राचप्रारोपला उतरा. शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत मागे येऊ नका.
४. अशोकला जायचं तर मक्कासानला उतरून पादचारी पुलावरून फेचबुरी मेट्रो स्टेशनात जा. तिथून एकच स्टेशन.
५. सियाम, चित लोम वगैरेसाठी शेवटचं फाया थाय, तिथून वरच्या स्कायट्रेनमध्ये.

पहाटे साडेपाच-सहापासून मध्यरात्रीपर्यंत ही गाडी चालते आणि फाया थायला साधारण अर्ध्या तासात पोचवते. पहाटेचं विमान असेल तर पहिल्या गाडीसाठी थोडं थांबावं लागतं. सकाळी सात ते नऊ नोकरदारांची गर्दी असते. दोन मोठ्या बॅगा आणि लहान मूल घेऊन त्या वेळी शिरू नका.

चार जण असाल, आजी-आजोबा बरोबर असतील किंवा रात्री उतरलात, तर टॅक्सी. पहिल्या मजल्यावर बाहेर यंत्रं आहेत. बटण दाबलं की चिठ्ठी येते, तिच्यावर मार्गिकेचा आकडा असतो, त्या आकड्याच्या जागी उभी असलेली टॅक्सी तुमची. चिठ्ठी ड्रायव्हरला देऊन टाकू नका, तक्रार करायची वेळ आली तर तीच कामी येते. मीटरवर ५० बाथ विमानतळाचे जास्तीचे लागतात, हे कायदेशीर आहे. एक्सप्रेसवेचा टोल, बहुधा एकूण ७५ बाथ, नाक्यावर तुम्हीच द्यायचा. मध्य शहरापर्यंत सगळं धरून साडेतीनशे ते साडेचारशे, कोंडीत थोडं जास्त. दुसऱ्या मजल्यावर दारातच 'टॅक्सी, टॅक्सी' करत जे भेटतात, त्यांच्याकडे वळूही नका.

डॉन म्युआंगहून गर्द लाल मार्गाची गाडी क्रुंग थेप अपिवात या मोठ्या स्टेशनावर आणते. तिथे बांग सू मेट्रो लागूनच आहे. किंवा ए १ बस, ३० बाथ, मो चित स्कायट्रेनपर्यंत. खाओसानला जायचं तर ए ४ बस, ५० बाथ. सुवन्नफूमहून खाओसानकडे एस १ बस ६० बाथमध्ये जाते.

स्कायट्रेन आणि मेट्रो

नवख्या माणसाचा इथेच घोळ होतो. बँकॉकमधल्या रेल्वे वेगवेगळ्या संस्था चालवतात आणि तिकिटं वेगळी आहेत. वरून खांबांवर धावते ती बीटीएस, म्हणजे स्कायट्रेन, १९९९ च्या डिसेंबरात सुरू झालेली. तिचे मुख्य दोन मार्ग: फिकट हिरवा सुखुम्वित आणि गर्द हिरवा सिलोम. दोन्ही सियामला भेटतात. २००४ मध्ये सुरू झालेली भुयारी मेट्रो म्हणजे एमआरटी, तिचा निळा मार्ग पर्यटकांच्या सर्वांत उपयोगाचा. स्कायट्रेनमधून मेट्रोत जायचं म्हणजे एका फाटकातून बाहेर पडून दुसऱ्या फाटकात नवं तिकीट.

आणखी गंमत म्हणजे एकाच जागच्या दोन स्टेशनांची नावं वेगळी. स्कायट्रेनचं अशोक म्हणजे मेट्रोचं सुखुम्वित. साला डेंग म्हणजे सिलोम. मो चित म्हणजे छातुचाक पार्क. एवढ्या तीन जोड्या पाठ केल्या की बहुतेक प्रवास सुटतो.

स्कायट्रेनचं एका फेरीचं भाडं मुख्य भागात १७ ते ४७ बाथ. यंत्रावर भाषा बदलून स्टेशन निवडा, पैसे टाका, पातळ कार्ड बाहेर येतं. ते हरवू नका, कारण बाहेर पडताना फाटक ते गिळतं आणि ते नसेल तर दंड. गर्दीत यंत्रांसमोर लांब रांग लागते. तीन-चार दिवस राहणार असाल तर राबिट कार्ड, म्हणजे पैसे भरून पुन्हापुन्हा वापरायचं स्कायट्रेनचं कार्ड, घ्या. त्यासाठी खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो आणि कार्डाचे १०० बाथ परत मिळत नाहीत, पण रांग वाचते. १५० बाथचा एका दिवसाचा पासही आहे. पाच फेऱ्या होणार असतील तरच तो परवडतो, आणि तो मेट्रोत चालत नाही. बहुतेकांच्या दिवसात स्कायट्रेनच्या दोन-तीनच फेऱ्या होतात, त्यामुळे पास घेण्याची घाई नको. मेट्रोच्या एका फेरीला काळं प्लास्टिकचं नाणं मिळतं. आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. कॉन्टॅक्टलेस कार्ड असेल तर तेही नको.

फलाट ओळखताना शेवटच्या स्टेशनाचं नाव बघायचं. सुखुम्वित मार्गाच्या टोकांना खू खोत आणि खेहा, सिलोम मार्गाच्या टोकांना नॅशनल स्टेडियम आणि बांग वा. स्टेशनांना आकडेही आहेत: अशोक ई ४, मो चित एन ८, सफान ताक्सिन एस ६. सियाम मधोमध, तिथून पूर्वेला ई वाढत जातं, उत्तरेला एन, दक्षिणेला एस. सियामला दोन मजली फलाट आहेत. वरच्या मजल्यावर खू खोत आणि नॅशनल स्टेडियमकडच्या गाड्या, खालच्या मजल्यावर खेहा आणि बांग वाकडच्या. म्हणजे मो चितहून येऊन साला डेंगला जायचं तर नुसतं समोरच्या फलाटावर जा. पण अशोकहून येऊन नदीकडे जायचं तर जिन्याने खाली उतरावं लागतं. समोर उभ्या गाडीत घुसलात की एका स्टेशनावर रूळ संपतात.

मेट्रोचा निळा मार्ग शहरातून मोठा वळसा घेतो. था फ्रा स्टेशनावर तो स्वतःलाच भेटतो. अशोककडून जुन्या शहराकडे जाताना 'लाक सोंग' लिहिलेली बाजू पकडायची. 'था फ्रा' लिहिलेली पकडलीत तर शहराला उत्तरेकडून मोठा वळसा.

बाकी चालीरीती: गाडीत खाणं-पिणं बंद. मेट्रोत शिरताना बॅग तपासतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा. भिक्षूंसाठी राखीव जागा असते. बायकांनी भिक्षूच्या शेजारी टेकायचं नाही. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्टेशनात राष्ट्रगीत लागतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. तुम्हीही थांबा, गाडी चुकत नाही. डब्यात वातानुकूलन कडक असतं, घामेजलेल्या अंगाने शिरल्यावर हुडहुडी भरते. लहान मुलांसाठी पातळ उपरणं पिशवीत ठेवा.

नदी आणि कालवा

राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण ही देवळं, फुलबाजार, चायनाटाउनचं नदीकडचं टोक, खाओसान. पाहण्यासारखं जुनं शहर सगळं चाओ फ्राया नदीकाठी आहे. पूर्वी इथे स्कायट्रेनच्या सफान ताक्सिन स्टेशनाखालच्या साथोर्न धक्क्यावरून बोटीनेच जावं लागे. मेट्रो आल्यावरही बोटीची मजा आणि सोय दोन्ही कायम आहेत.

साथोर्न धक्क्यावर पोचलात की दोन खिडक्या दिसतात. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट महाग असते आणि तिची तिकिटं विकणारे पुढे येऊन बोलावतात. नेहमीची बोट नारिंगी झेंड्याची. १६ बाथ, कुठेही उतरा. 'ऑरेंज फ्लॅग' असं स्पष्ट म्हणा. उत्तरेकडे, म्हणजे नोंथाबुरीच्या दिशेने जाणारी बोट हवी. धक्क्यांना आकडे आहेत: एन ५ राचावोंग म्हणजे चायनाटाउन, एन ८ था तियन म्हणजे वाट फो, एन ९ था छांग म्हणजे राजवाडा, एन १३ फ्रा आथित म्हणजे खाओसान. था तियनहून समोरच्या वाट अरुणला जायला वेगळी छोटी होडी आहे, ५ बाथ. पर्यटक बोटीचा पास घ्यायचा तर दिवसभर नदीवर चढ-उतर करणार असाल तरच. एका फेरीसाठी तो घेणं म्हणजे दहा पट पैसे.

बोट धक्क्याला लागते तेव्हा फार तर अर्धा मिनिट थांबते. मागच्या बाजूला उभा असलेला माणूस शिट्ट्या मारून चालकाला अंतर सांगत असतो, त्या शिट्ट्यांकडे लक्ष देऊ नका, पायरीकडे द्या. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचं, मग पटकन आत. उतरायचा धक्का यायच्या आधीच मागे येऊन उभे राहा. नारिंगी बोटी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास बंद होतात. वाट अरुणवरचा सूर्यास्त बघून रमलात तर परतीला मेट्रोच्या इत्साराफाप स्टेशनापर्यंत चाला, दहा-बारा मिनिटं.

दुसरी बोट सेन सेप कालव्याची. ही पर्यटकांची नाही, ऑफिसला जाणाऱ्यांची, म्हणूनच वेगवान. प्रतुनाम, हुआ छांग (सियामच्या मागे), नाना, अशोक, सगळं कालव्यावर. भाडं वीस बाथच्या आसपास. काठावरचा दोर धरून उडी मारायची, बसायचं आणि बाजूची ताडपत्री ओढून धरायची, कारण समोरून दुसरी बोट आली की पाणी उडतं आणि ते पाणी तोंडात जाण्यालायक नाही. हेल्मेट घातलेला तिकीटवाला बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत येतो, त्याला धक्क्याचं नाव सांगा. पूर्व-पश्चिम प्रवासात प्रतुनामला बोट बदलावी लागते, तिकीट तेच चालतं, फेकू नका. पश्चिमेचं टोक पानफा, सुवर्णगिरीच्या मंदिराजवळ. त्या भागात नव्या मेट्रोचं काम चालू असल्याने बोट पानफापर्यंत जाते की आधीच थांबते, ते चढतानाच विचारा. गुडघेदुखी असलेल्यांना ही बोट सांगू नये. पायरी उंच आणि बोट हलती.

टॅक्सी, ग्रॅब, टुकटुक, मोटारसायकल

काचेमागे लाल अक्षरं पेटलेली असली तर टॅक्सी रिकामी. तळहात खाली करून हात हलवायचा. पुढचा दरवाजा उघडून ठिकाण सांगा आणि 'मीटर' म्हणा. नाही म्हणाला किंवा तीनशे बाथ सांगितले तर दार हळूच लावून पुढची. वाद घालायचा नाही, इथे आवाज चढवला की काम बिघडतं. पर्यटनस्थळाच्या दारात उभ्या टॅक्सीला मीटर 'नसतो'. पन्नास मीटर चालून धावती टॅक्सी थांबवली की असतो.

हिशेब असा: पहिल्या किलोमीटरला ३५ बाथ, पुढे दहापर्यंत किलोमीटरला साडेसहा, आणि गाडी रेंगाळली की मिनिटाला ३. आठ किलोमीटर आणि वीस मिनिटांची कोंडी म्हणजे ३५ अधिक ४५ अधिक ६०, जवळपास १४०. कोणी चारशे सांगितले तर तुम्हाला काय म्हणायचं ते कळेल.

ग्रॅबचं भाडं आधी दिसतं, म्हणून मन शांत. पाऊस आणि संध्याकाळ एकत्र आली की दुप्पट होतं, तेव्हा दोन्ही ॲप उघडून बघा. बोल्ट बहुधा स्वस्त, पण ड्रायव्हर रद्द करण्याचं प्रमाण जास्त. गाडी बोलावण्याआधी एक काम न चुकता करा: तुम्हाला जायच्या दिशेची गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूने जाते ते बघून पादचारी पुलावरून त्या बाजूला जा. चुकीच्या बाजूला उभे राहिलात तर ड्रायव्हरला यू टर्नसाठी लांब जावं लागतं आणि 'तीन मिनिटं' ची पंधरा होतात. गल्लीत आत असाल तर गल्लीच्या तोंडाशी चालत येऊन बोलवा.

टुकटुक ही आपल्या रिक्षाची लांबची बहीण, पण मीटर नाही आणि टॅक्सीपेक्षा महाग. एकदा हौस म्हणून रात्री, थोड्या अंतरासाठी, भाडं आधी ठरवून. 'वीस बाथमध्ये चार देवळं' असं कोणी म्हटलं की मधे रत्नांचं आणि सूट शिवण्याचं दुकान असतं. तिथे तुम्हाला नेण्याबद्दल चालकाला मोबदला मिळतो.

नारिंगी जॅकेटवाले मोटारसायकलस्वार गल्लीच्या तोंडाशी रांगेत बसलेले असतात. गल्लीच्या आत जायला १० ते २० बाथ. लांबच्या अंतराला बसण्याआधी भाडं ठरवा, हेल्मेट मागा, आणि प्रवासविम्याच्या कागदात दुचाकीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचलेलं असू द्या. गुडघे आत ओढून बसा. गाड्यांच्या आरशांमधून ते ज्या फटीतून जातात, ती गुडघ्यांसाठी मोजलेली नसते.

चार शब्द पुरतात: डावीकडे 'लियाव साय', उजवीकडे 'लियाव ख्वा', सरळ 'त्रोंग पाय', इथे थांबवा 'चोत त्रोंग नी'. शेवटी पुरुषांनी 'ख्रप', बायकांनी 'खा' लावलं की चेहरा बदलतो.

सिटी बसबद्दल थोडक्यात: स्वस्त आहेत, पण मार्गांना जुने आणि नवे असे दोन्ही आकडे चालतात आणि कोंडीत त्याही अडकतात. वेळ भरपूर असेल तरच.

पायी, आणि राजवाड्याच्या भिंतीजवळ

वाहनं आपल्यासारखीच डावीकडून जातात, एवढा दिलासा. पण झेब्रा पट्ट्यावर गाडी थांबेलच असं धरू नका, आणि मोटारसायकली पदपथावरही येतात. सियामपासून चित लोमपर्यंत स्कायट्रेनखालून उंच पादचारी मार्ग आहे, तिथून प्रतुनामकडेही फाटा जातो. ऊन, पाऊस, कोंडी, तिन्हींतून सुटका.

सनाम छाय स्टेशनातून राजवाड्याचं पर्यटकांचं दार उत्तरेच्या बाजूला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे. भिंतीच्या कडेने पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. याच भिंतीजवळ नीटनेटके कपडे घातलेला, गोड बोलणारा माणूस सांगतो की आज राजवाडा बंद आहे, प्रार्थना चालू आहे, तोवर दुसरं देऊळ बघा. हसून पुढे चालत राहा. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, साडेतीनला तिकीटविक्री बंद. ५०० बाथ. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सलवार-कमीज किंवा साडी उत्तम, पुरुषांनी अर्धी चड्डी घालू नये. सकाळी साडेआठलाच पोचलात तर गर्दीच्या आधी आत. जाताना मेट्रो, येताना था छांगहून बोट, हा क्रम चांगला पडतो.

पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५.

उपयोगी काही जोड्या

एरावान ब्रह्मदेवाचं ठाणं: चित लोम स्कायट्रेन, दोन मिनिटं. तिथून सेंट्रल वर्ल्डसमोर गणपती आणि त्रिमूर्ती आहेत, चालत जा. गणपतीचं मोठं ठाणं हुआय क्वांग चौकात, त्याच नावाचं मेट्रो स्टेशन, अशोकहून चौथं. संध्याकाळी मोदकांऐवजी झेंडूच्या माळा आणि लाल फॅन्टा दिसला तर दचकू नका. फाहुरात, म्हणजे तिथला छोटा भारत, सॅम योत मेट्रोपासून चालत दहा मिनिटं. वीकेंड बाजार छातुचाक शनिवार-रविवारी: स्कायट्रेनने मो चितला आलात तर थोडं चालावं लागतं, मेट्रोचं काम्फेंग फेत थेट बाजारात उघडतं.

बाहेरगावी जाताना दोन चुका फार होतात. 'मो चित' नावाचं बस स्थानक मो चित स्कायट्रेन स्टेशनाजवळ नाही, दोन-तीन किलोमीटर लांब आहे. सामान घेऊन चालत निघू नका, टॅक्सी करा. पट्टायाची बस एक्कामाय स्कायट्रेनजवळच्या स्थानकावरूनही मिळते, आणि विमानतळावरूनच थेट पट्टायाला जायचं तर शहरात येण्याची गरजच नाही. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३ पासून हुआ लाम्फोंगऐवजी क्रुंग थेप अपिवातहून सुटतात. तिकिटावर स्टेशनाचं नाव वाचल्याशिवाय निघू नका.

मे ते ऑक्टोबर पावसाळा. दुपारी उशिरा ढग फुटतात आणि तासाभरात गल्ल्यांत पाणी साचतं. अशा वेळी टॅक्सीसाठी धडपडण्यापेक्षा स्टेशनाजवळ कुठेतरी खात बसा, पाऊस ओसरल्यावर निघा. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा पाणी उडवण्याचा सण, असतो, तेव्हा टुकटुक आणि मोटारसायकलवर बसलेला माणूस भिजल्याशिवाय राहत नाही. फोन आणि पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, नाहीतर सरळ रेल्वेने जा.

परतीच्या दिवशी शुक्रवार संध्याकाळ असेल तर प्रतुनामहून विमानतळाला टॅक्सीने जायला दोन तास धरा. राचप्रारोपहून रेल्वेने अर्धा तास पुरतो. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास जाते, त्यामुळे पहाटे तीनच्या विमानासाठी आदल्या रात्री अकराच्या आत स्टेशनात पोचा, किंवा हॉटेलच्या काउंटरवर आधीच टॅक्सी सांगून ठेवा आणि टोलसाठी ७५ बाथ सुट्टे बाजूला काढून ठेवा.